आलंच की!

‘आलंच की’ हे दोन शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. जे यायचं होतं ते दुपारी सव्वाबाराला आलं.

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, पाचनई गावात, एक बाबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. मी विचारलं, ‘बाबा, वर जायला किती वेळ लागंल?’ त्यांनी मान वर केली. माझ्या बुटांकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं. तिघांची मनातल्या मनात बेरीज केली की वजाबाकी, ते कळलं नाही. तंबाखूवर थाप मारून म्हणाले, ‘हे काय, आलंच की.’

पाचनईची वाट गडाच्या सगळ्या वाटांमध्ये सोपी. धडधाकट माणूस अडीच-तीन तासांत वर पोचतो. मला सव्वापाच लागले. त्यात पोह्यांचा थांबा, फोटोंचे थांबे आणि झालेल्या थांब्यांतून सावरण्यासाठी घेतलेले थांबे धरले आहेत. बाबा खोटं बोलले होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी गड आलेलाच होता. जन्मापासून तो समोर उभा. मी तिथं कधी पोचणार हा प्रश्न माझा होता, गडाचा नव्हता.

सह्याद्रीत गेली वीस वर्षं मी जमेल तसा, म्हणजे ढोपरांना जमेल तसा, हिंडतोय. उंच्या मला तोंडपाठ आहेत. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, तोरणा १४०३. ऑफिसात डबा खाताना हे आकडे मी सहज बोलण्याच्या ओघात सोडतो आणि समोरच्याचा घास क्षणभर थांबतो. पण प्रत्यक्ष डोंगरात त्यांचा मला काडीचाही उपयोग झालेला नाही. पाय मीटरमध्ये दुखत नाहीत. तिथं माप असतं ‘एक टेपाड’. ‘ते टेपाड चढलं का आलंच.’ टेपाड चढावं, तर मागं दुसरं टेपाड पहिल्याच्या आड लपून बसलेलं असतं, लपाछपीतल्या पोरासारखं, आणि आपण दिसताच उभं राहतं.

ट्रेक-लीडरची तऱ्हा निराळी. तो पंचविशीतला, पोट पाठीला लागलेला, आणि त्याचं माप एकच: ‘फक्त वीस मिनिटं, काका.’ साडेआठला वीस मिनिटं होती, साडेनऊलाही वीसच. मी पुणेकर, हिशेब विचारल्याशिवाय मला राहवत नाही. विचारला. तो म्हणाला, ‘काका, दोन तास सांगितलं असतं तर तुम्ही इथंच बसला असता ना.’ मी बसलेलाच होतो.

आणि उतरणारे लोक! चढणाऱ्याला वाटेत सगळ्यात जास्त कोण छळत असेल तर ते. ताजेतवाने दिसतात, काकडी खात येतात, आणि न विचारता सांगतात, ‘झालंच काका, समोरच आहे.’ क्वचित एखादा निघतो खरं बोलणारा: ‘आत्ता कुठं निम्मं झालंय.’ त्याचा तर जास्तच राग येतो. पण कबूल करतो, उतरताना मीही हेच करतो. लालबुंद झालेला, कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघणारा माणूस दिसला की माझ्या तोंडून आपोआप निघतं, ‘आलंच की!’ ती दया नसते. दयेसारखं दिसणारं काहीतरी असतं.

आमची ही नागपूरची. इंग्रजांनी झिरो माइलचा दगड ज्या गावात रोवला तिथं वाढल्यामुळे समुद्र तिला चारी दिशांनी सारखाच लांब. बाविसाव्या वर्षी तिनं पहिल्यांदा समुद्र पाहिला, तोही लग्नानंतर, तोही मी दाखवला म्हणून. तेव्हापासून समुद्राच्या बऱ्यावाइटाला मी जबाबदार आहे अशी तिची समजूत आहे. मी डोंगरवाला, ती समुद्रवाली. एक सहल तिची, एक माझी, असा करार आहे. तो लेखी नाही, त्यामुळे माझ्या दोन सहलींच्या मध्ये कधी कधी तिच्या तीन येतात.

तर तिला हरिश्चंद्रगडावर न्यायचं म्हणून मी कोकणकड्याचं आमिष दाखवलं. ‘तिथून अख्खं कोकण दिसतं,’ म्हणालो. यात खोटं काहीच नाही. कोकणकडा म्हणजे कुणीतरी डोंगराच्या कडेला कलिंगडासारखा चमचा घालून गर काढून घ्यावा तसा आतून पोखरलेला अर्धगोल कडा. त्याच्या काठावर उभं राहून बघायचं नसतं. पालथं पडायचं, छाती कातळाला टेकवायची आणि हनुवटी तेवढी बाहेर काढायची. खालून वारा असा येतो की डोळ्यांत पाणी उभं राहतं, आणि ते कौतुकाचं की वाऱ्याचं हे ठरवता येत नाही. ही पालथी पडली. पाच मिनिटं काही बोलली नाही. मी मनात म्हटलं, जिंकलो.

‘काहो,’ ती म्हणाली, ‘समुद्र कुठं आहे?’

‘समुद्र इथून शंभरेक किलोमीटर.’

‘मग कोकणकडा कायले म्हणता याले?’

मी विषय बदलला. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाला याच गडावर इंद्रवज्र दिसलं होतं, त्याची १८३५ सालची नोंद आहे, असं सांगितलं. इंद्रवज्र म्हणजे पुरं गोल इंद्रधनुष्य. आपण काठावर, ऊन पाठीवर, ढग खाली दरीत, आणि त्या रंगीत कड्याच्या मधोमध आपली सावली. तिनं ऐकून घेतलं आणि कपडे झटकत उठली. ‘चला,’ म्हणाली, ‘त्याले तरी काहीतरी दिसलं.’

गडावर तिला आवडलं ते केदारेश्वर, कारण तिथं पाणी आहे. गुहेत मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं बर्फासारखं पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की जग बुडणार, असं सांगतात. ही दात वाजवत प्रदक्षिणा घालत होती आणि मी काठावर उभा राहून त्या खांबावर लक्ष ठेवून होतो. आमच्याच ग्रुपातल्या दोघांना त्याला टेकून फोटो हवा होता.

कळसूबाई मात्र ती एका दमात चढली. म्हणजे अकरा दमांत. पण माझे सतरा झाले होते. बारी गावातून आम्ही निघालो तेव्हा एक मावशी अंगण सारवत होती. आम्ही पहिल्या लोखंडी शिडीशी पोचलो तर तीच मावशी तिथं ताक विकत बसलेली. पायात साधी स्लीपर, शेजारी कॅन, कॅनमध्ये तरंगणारा बर्फाचा खडा. मी हबकलो. ‘मावशी, तुम्ही कधी आलात?’ म्हणाली, ‘मी? पोरांना शाळेत घालून आले.’ किती वेळ लागला, हा माझा नेहमीचा प्रश्न. तिनं ग्लास विसळता विसळता उत्तर दिलं, ‘कुणाला ठावं. बर्फ इरघळायच्या आत यायचं.’

डोंगरात मला मिळालेलं हे एकमेव भरवशाचं माप. मी ते घरी आल्यावर फ्रिजच्या बर्फावर ताडून पाहिलं. त्या हिशेबानं मी पहिल्या शिडीशी पोचेपर्यंत ताकात नुसतं कोमट पाणी उरलं असतं.

वर देवीचं छोटं देऊळ आहे. तिची गोष्ट सांगतात ती अशी, की कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. अट एकच: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरच्यांनी तेच सांगितलं. तिनं भांडी घासली, केर काढला, आणि उठून डोंगरावर निघून गेली ती परत आली नाही. आमच्या हिनं देवळात फार वेळ हात जोडले. उतरताना म्हणाली, ‘एवढ्या वर कुणी उगीच नाही जात.’ त्या आठवड्यात घरची भांडी मी घासली.

कोकणातली मापं त्याहून अवघड, कारण तिथले मैलाचे दगड बरेचदा हयात नसतात. दापोलीकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या एका काकांना मी फोन केला. म्हणाले, ‘गाव लागलं की सरळ या. पडलेल्या फणसाकडनं डावीकडे वळा.’

‘पडलेला फणस?’

‘निसर्ग वादळात पडला तो. तीन जूनला.’

वादळ २०२०चं. ‘तो अजून तिथंच पडलाय?’

‘छे हो! तेव्हाच तोडून सरपणाला नेला. पण जागा आहे ना. मग जुन्या पोस्टाकडनं उजवीकडे.’

जुनं पोस्ट कुठं आहे हे मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं. एवढंच विचारलं, की घरातून समुद्र दिसतो का. काका जरा थांबले. प्रश्नच कळला नसावा. ‘समुद्र मागे आहे,’ म्हणाले. ‘दिसत नाही?’ ‘ऐकू येतो.’

जुन्या घरांचं असंच असतं. तोंड रस्त्याकडे, पाठ समुद्राकडे. मध्ये माडा-पोफळींचं आगर, त्यापलीकडे सुरूचं बन, आणि मग तो. ज्याला जन्मभर खारं वारं खायचंय तो माणूस त्याच्याकडे खिडकी ठेवत नाही. काकांच्या आई नव्वदीच्या. रोज संध्याकाळी आमची ही चप्पल घालून निघाली की त्या ओटीवरून विचारायच्या, ‘कुठं चाललीस गो?’ ‘समुद्र बघायला, आजी.’ ‘काल बघितलास ना?’ तिसऱ्या दिवशी हिनं सांगितलं, की फिरायला चालले. ते त्यांना पटलं.

त्याच सहलीत आम्ही आधी वेळासला कासवं बघायला गेलो होतो. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत अंडी घालून जाते. गावातले लोक ती कुंपणात सुरक्षित ठेवतात, आणि पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं या गावात हे काम उभं केलं. आता मोसमात गर्दी लोटते. पहाटे शंभर-सव्वाशे माणसं दोरीमागं उभी. कार्यकर्ता येतो, खड्ड्यावरची टोपली उचलतो. सगळ्यांचे मोबाइल वर. टोपलीखाली वाळू. ‘आज पिल्लं नाहीत. संध्याकाळी परत बघू.’ संध्याकाळी टोपलीखाली वाळू. दुसऱ्या सकाळी वाळू. ‘पण दिवस भरलेत,’ तो मुलगा म्हणाला, ‘आलीच समजा.’ मी नुसता हसलो. आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी एकदम चौतीस पिल्लं निघाली, असा त्याचा फोटोसकट मेसेज आला.

आता गाडीचं सांगतो. किनाऱ्याचं नाव सांगणार नाही. तिथं मला अजून तोंड दाखवायचंय.

गाडी मेहुण्याची. नवीन, उंच, चारही चाकांना जोर असलेली. जाहिरातीत ती वाळवंटातून धूळ उडवत जाते. मेहुणाही नागपूरचाच, त्यानं ओहोटीला मोकळा पडलेला, सिमेंटसारखा टणक, ओला किनारा पाहिला आणि त्याला जाहिरात आठवली. गाडी थेट पाण्यापासून हातभर अंतरावर नेऊन लावली. ‘भाऊजी, फोटो काढा.’ काढले. मग आम्ही सुरमई खायला गेलो. त्या दिवशी संकष्टी होती, म्हणून ही साबुदाण्याची खिचडी घेऊन आमच्या ताटांकडे पाठ करून बसली. मुक्कामाच्या घरच्या काकूंनी रात्रीच्या नैवेद्याला उकडीचे पाच मोदक डब्यात घालून दिले होते, तो डबा गाडीत पुढच्या सीटच्या पायाशी.

परत आलो तेव्हा दोन वाजले होते आणि गाडी समुद्रात होती. फार नाही, चाकांच्या निम्म्यापर्यंत. मेहुण्यानं पँट वर करून आत उडी मारली, गाडी चालू केली. चारही चाकं जोरात फिरली आणि चारही चाकांनी आपापला खड्डा खणला.

लाट येते आणि जाते असं आपण समजतो. तसं नसतं. येते ती चार पावलं आणि जाते ती तीन. हा एका पावलाचा फरक मी त्या दिवशी फार जवळून पाहिला.

सुरूच्या बनातून एक म्हातारबाबा आले. हातात कोयती, कमरेला पंचा. गाडीभोवती त्यांनी पाण्यातून एक चक्कर मारली. ‘इथं आणायला कोणी सांगितलंन?’ मेहुणा माझ्याकडे बघायला लागला. बाबांनी तो विषय सोडला. ‘आज तिथी काय?’

आमच्याकडे तीन मोबाइल होते आणि एकालाही रेंज नव्हती. बोलली ती उपाशी असलेली: ‘संकष्टी.’

‘म्हणजे चवथ. चार पाऊणे तीन. तीनला पुरी भरती. पौर्णिमा होऊन चारच दिवस झालेत, उधाणाचा जोर उतरला नाही अजून.’

मी थक्क झालो. मग त्यांनी सावकाश, जणू भरती आमच्यासाठी थांबणार होती अशा सुरात, समजावून सांगितलं. पौर्णिमेला आणि अमावास्येला पुरी भरती बाराच्या सुमाराला. मग ती रोज पाऊण तास पुढं सरकते. म्हणून तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. कधीही विचारा. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी सगळी तोंडपाठ होती. पाऊणकीचा उपयोग काय हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. पण ते सोलापूरचे.

गडावर ज्या लोकांनी मला कधी घड्याळातली वेळ सांगितली नाही, त्यांच्याच जातीचा हा माणूस मला तास-मिनिटांत उत्तर देत होता. एवढा नेमका आकडा वीस वर्षांत मला कुणी दिला नव्हता, आणि तो कळला तेव्हा माझ्या हातात एक तास उरला होता.

‘ट्रॅक्टर मिळेल?’ मी विचारलं.

‘पोराला धाडलंय,’ बाबा म्हणाले. ‘आलाच की.’

माझ्या पोटात खड्डा पडला.

ट्रॅक्टर पावणेतीनला आला. तोपर्यंत गाडीच्या पायपुसण्या भिजल्या होत्या आणि मोदकांचा डबा आत हलके हलके तरंगत होता, ब्रेकला आपटत होता. ट्रॅक्टरवाल्या पोरानं खाली उतरून आधी पाण्याकडे पाहिलं. ‘टायरपर्यंत पाणी असलं तर दोन हजार. टायरच्या वर गेलं तर तीन.’ आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. मेहुणा म्हणाला, टायरपर्यंतच आहे. तेवढ्यात एक लाट आली. तीन द्यावे लागले.

गाडी वर ओढली, गावातल्या मेकॅनिकनं काय काय उघडून वाळवलं, आणि संध्याकाळी पाचला ती खोकत का होईना चालू झाली. मंडणगड, माणगाव करत आम्ही ताम्हिणीकडे निघालो. ही सकाळपासून मूठभर साबुदाण्यावर होती. पंचांगात पुण्याचा चंद्रोदय नऊ वाजून सतरा मिनिटांनी. नऊ सतराला आम्ही घाटाच्या पायथ्याशी होतो. हिनं गाडी थांबवायला लावली आणि पूर्वेकडे तोंड करून रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

पूर्वेला सह्याद्री. काळा, आडवा, आभाळाच्या निम्म्यापर्यंत.

‘चंद्र कुठं आहे?’

‘उगवलाय,’ मी म्हणालो. ‘डोंगरामागं आहे.’

‘तुमच्या डोंगरामागं,’ ती म्हणाली. वीस वर्षांच्या संसारात मी एवढं मोठं काही तिच्या वाटेत उभं केलं नव्हतं. मेहुण्यानं मागून विचारलं, की न बघता अर्घ्य दिलं तर चालत नाही का. तिनं उत्तर दिलं नाही. पदरानं तोंड पुसून मला विचारलं, ‘किती वेळ लागेल?’

मी घड्याळाकडे पाहिलं. डोंगराकडे पाहिलं. तिच्या पोटाकडे पाहिलं.

‘हे काय,’ म्हणालो, ‘आलाच की.’

चंद्र दहा वाजून पाच मिनिटांनी आला. कड्याच्या धारेवर आधी नुसता उजेड, मग एका बाजूनं किंचित झिजलेला, पिवळा, मोठा. तिनं पाणी सोडलं, हात जोडले, डबा उघडला. वरचे दोन मोदक ठीक होते. खालच्या तिघांना समुद्र लागला होता. ते मेहुण्याला दिले.